रुग्णसेवेस शिक्षणाची जोड देणाऱ्या रमाबाई रानडे

जैन शास्त्रांनी चतुर्विध दानांत औषधदानाचा समावेश केला आणि वैयावृत्त्यास अंतरंग तपाचे स्थान दिले. तथापि रुग्णाच्या उशाशी असलेला हात भक्तिभावाने कितीही भरलेला असला, तरी तो स्वच्छ नसेल किंवा त्यास औषधाची मात्रा ठाऊक नसेल, तर त्याच हातून रुग्णास अपाय घडतो. चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना जो यत्नाचार सांगितला आहे, तो सेवेतही लागतोच; आणि तो शिकावा लागतो. महाराष्ट्रात कुलीन घरांतील स्त्रियांना हे शिक्षण मिळावे म्हणून ज्यांनी लोकनिंदा सोसली, त्यांत श्रीमती रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. (पुढे यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही याच गावचा.) १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माधवरावांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. मात्र पत्नीस त्यांनी स्वतः अक्षरे गिरवायला शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. टोमणे आणि अबोला सहन करीत रमाबाई मराठी व पुढे इंग्रजीही शिकल्या. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले, तेव्हा रमाबाईंनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. अपत्य नव्हते. काही काळ त्या लोकांपासून दूर राहिल्या. नंतर मात्र येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना आणि रुग्णालयांतील रुग्णांना भेटण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला. पुढील कार्याचे बीज या भेटींतच असावे.

त्या काळची परिस्थिती आज कल्पनेतही येणे कठीण आहे. बाळंतपण अंधाऱ्या, कोंदट खोलीत होई. सुईण अनुभवी असे, पण हात व हत्यारे निर्जंतुक करण्याचे ज्ञान तिला कोणी दिलेले नसे. व्हिएन्ना येथील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावून बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखविले होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील अनुभवानंतर १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली होती. रुग्णालयाने निदान रुग्णास अपाय तरी करू नये, हा त्यांचा आग्रह होता. हे ज्ञान आपल्याकडील माजघरापर्यंत पोहोचविणार कोण? डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवी घेऊन परतल्या, पण १८८७ साली त्यांचे निधन झाले. शिवाय एखादी स्त्री डॉक्टर झाली तरी चोवीस तास रुग्णाजवळ असते ती परिचारिका. नाडी व ताप पाहणे, जखम बांधणे, योग्य वेळी योग्य औषध योग्य रुग्णास देणे हे सारे तिच्याच हाती असते.

१९०९ साली रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदनाची स्थापना केली. शिवण, संगीत, अध्यापन यांचे वर्ग लोकांना मानवले. परिचारिका व सुईणीच्या शिक्षणासाठी तरुण विधवांना ससून रुग्णालयात धाडण्यास आरंभ झाला, तेव्हा मात्र गदारोळ उठला. परजातीच्या रुग्णांना स्पर्श, पुरुषांची शुश्रूषा, रात्रीची पाळी! प्रत्येक गोष्ट आक्षेपार्ह ठरली. अशा कार्यास देणगी देणारे मिळतात. घरातील लेकसून देणारे मिळणे फार अवघड. रमाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विद्यार्थिनींसाठी वसतिगृहे काढली, त्यांच्यावर आईसारखी नजर ठेवली आणि स्वतःच्या निष्कलंक चारित्र्याची हमी पालकांपुढे ठेवली. न्यायमूर्तींच्या पत्नीच्या देखरेखीखाली मुलगी राहणार, हे पाहून अनेक घरांची दारे हळूहळू उघडली.

सेवासदनाच्या एका समारंभातील प्रसंग सांगितला जातो. केशवपन केलेली एक हुशार विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातील महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडविली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापाने उठल्या आणि आपल्याच दुर्दैवी भगिनीची थट्टा करणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांना भरसभेत खडसावले. सभागृह स्तब्ध झाले.

याच सुमारास दानवीर माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी जैन विधवांसाठी श्राविकाश्रमाचे कार्य उभारले होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. निराधार स्त्रीस अन्नवस्त्र देऊन थांबू नये, तिला विद्या द्यावी, ही दृष्टी दोघींची सारखीच होती.

आपला नळदुर्ग त्या वेळी निजामाच्या राज्यात. पुण्याचे वारे येथे उशिरा पोहोचले. परंतु सोलापुरात पुढे सेवासदन उभे राहिले.

आज जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. २०२१ साली त्याचा विषय माता व नवजात बालकांची सुरक्षितता हा होता. शंभर वर्षांपूर्वी ससूनमध्ये जाणाऱ्या त्या पांढऱ्या लुगड्यांतील विद्यार्थिनींच्या शिक्षणाचाही तो गाभा होता.

उतारवयातही रमाबाईंनी विसावा घेतला नाही. आषाढी-कार्तिकीस सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीस जात व आजारी वारकऱ्यांवर प्रथमोपचार करवीत. १९२४ साली पुण्यात त्यांचे देहावसान झाले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.