रेडिओच्या दुकानातला ब्लूज

बोटात नळी घालून ती तारांवर सरकवण्याची ‘स्लाइड’ पद्धत इलेक्ट्रिक गिटारवर गाजवणारा एल्मोर जेम्स काही काळ रेडिओ दुरुस्त करत असे. मिसिसिपी राज्यातील एका कृष्णवर्णीय शेतमजूर मातेच्या पोटी २७ जानेवारी १९१८ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणी भिंतीवर ताणलेल्या एकाच तारेवर तो सूर शोधू लागला. दुसऱ्या महायुद्धात नौदलातून ग्वामच्या मोहिमेत भाग घेऊन तो परतला आणि कँटन गावी भावाच्या विद्युत दुकानात रुजू झाला. गिटारचा तो खरखरीत, फाटका आवाज तेथेच घडला असे मानले जाते. हृदयविकारही याच सुमारास जडला.

१९५१ मध्ये जॅक्सन शहरात त्याचे ‘डस्ट माय ब्रूम’ ध्वनिमुद्रित झाले. मूळ गाणे रॉबर्ट जॉन्सनचे, १९३६ मधले. जॉन्सनने साध्या गिटारवर बोटांनी वाजवलेली सुरावट एल्मोरने स्लाइडवर अक्षरशः किंचाळायला लावली. पुढे तीच सुरावट त्याने अनेक गाण्यांत वापरली. त्यावर टीका होते आणि ती निराधार नाही. मात्र १९५९ मधील ‘द स्काय इज क्रायिंग’ या संथ गाण्यातील आर्तता ऐकल्यावर ती टीका थिटी वाटते.

युरोपात ब्लूजला श्रोते मिळू लागले असतानाच २४ मे १९६३ रोजी शिकागोत हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स आरंभी ‘एल्मो लुईस’ या नावाने वाजवत असे. बीटल्सच्या १९७० मधील ‘फॉर यू ब्लू’ या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने त्याचे नाव घेतले. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला तो १९९२ मध्ये, मृत्यूनंतर २९ वर्षांनी.