वॉशिंग्टनहून पुन्हा होनोलुलूत
देशाच्या संसदेतून नगरपालिकेत परतणे म्हणजे पदावनतीच, असे राजकारणात मानले जाते. पॅट्सी मिंक यांना तसे वाटले नसावे. हवाईतील माउई बेटावर १९२७ साली जन्मलेल्या, जपानी वंशाच्या मिंक यांना वैद्यकीय महाविद्यालयांनी नाकारले. मग त्या वकील झाल्या. हवाईच्या विधिमंडळातून १९६४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात पोहोचलेल्या त्या पहिल्या गौरेतर महिला. शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यासाठी त्या झटल्या. १९७६ मध्ये सिनेटची उमेदवारी मात्र हुकली. पुढे १९८३ ते १९८७ या काळात त्यांनी होनोलुलू शहर व काउंटीच्या परिषदेत काम केले. पहिली दोन वर्षे अध्यक्षपदही सांभाळले. १९९० मध्ये त्या प्रतिनिधिगृहात परतल्या. २८ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. मतपत्रिकेवर नाव तसेच राहिले आणि नोव्हेंबरात मतदारांनी दिवंगत मिंक यांनाच निवडून दिले.