सेवेचा हिशेब : प्रिन्स हॉल यांचे चरित्र

वर्षअखेरीस आपल्या मंडळाची वार्षिक सभा भरते. चिटणीस अहवाल वाचतात, खजिनदार जमाखर्च सादर करतात, नवे पदाधिकारी निवडले जातात आणि स्नेहभोजन आटोपून मंडळी आपापल्या घरी परततात. या क्रमाची आपणां सर्वांस इतकी सवय होऊन गेली आहे की, पदाधिकाऱ्यांनी वर्षभर केलेल्या सेवेचे मोजमाप नेमके कशाने करावयाचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. सभा किती भरल्या, वर्गणीदार किती वाढले, शिल्लक किती राहिली, हे आकडे आवश्यक खरेच. परंतु तेवढ्यावर संस्थेची योग्यता ठरत नाही. ती कशावर ठरते, हे ज्यांच्या आयुष्यावरून स्पष्ट दिसते, अशा एका परदेशस्थ पुरुषाचे चरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेत वाचकबंधुभगिनींस सादर करीत आहो. हे पुरुष म्हणजे अमेरिकेतील बोस्टन शहरचे प्रिन्स हॉल होत. नाव राजपुत्राचे, पण ते धारण करणारे गृहस्थ एकेकाळी गुलाम होते.

प्रथम ज्या संस्थेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिची थोडी ओळख करून दिली पाहिजे. फ्रीमेसन हा बंधुसंघ मूळचा ब्रिटनमधील. पाथरवट व गवंडी यांच्या जुन्या कारागीर-संघांतील चिन्हे व परिभाषा त्याने उचलली. १७१७ साली लंडनमध्ये त्याची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. या संघाच्या स्थानिक शाखेस लॉज म्हणतात. लॉजचा प्रमुख तो मास्टर. त्याच्या हाताखाली दोन वॉर्डन, शिवाय चिटणीस, खजिनदार इत्यादी पदाधिकारी असतात. सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे, म्हणून परस्परांची भावंडे, आणि संकटात सापडलेल्या बंधूस हात देणे हा प्रत्येकाचा धर्म, असे या संघाचे तत्त्व. तत्त्व उदात्त होते यात शंका नाही. परंतु अठराव्या शतकातील अमेरिकेत या भावंडांच्या पंक्तीत काळ्या कातडीच्या माणसाला पाट मांडलेला नव्हता.

प्रिन्स हॉल यांच्या जन्माची तिथी व स्थळ यांविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. गुलामाच्या जन्माची नोंद ठेवण्याची त्या काळी मालकांस गरज भासत नसे. बोस्टनमधील विल्यम हॉल नावाच्या चामडे कमावणाऱ्या गृहस्थाच्या पदरी ते होते, आणि १७७० साली या मालकाने त्यांना दास्यमुक्त केले. मालकाघरी शिकलेला चामड्याचा धंदाच त्यांनी पुढे स्वतंत्रपणे चालविला. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलले तेव्हा, १७७७ साली, बोस्टनच्या तोफखाना-पलटणीस ढोलांची चामडी पाने त्यांनीच पुरविली. सचोटीने धंदा करावा, कर वेळेवर भरावा आणि आपल्या बांधवांच्या उपयोगी पडावे, असा हा सरळ मार्गाचा गृहस्थ होता.

बोस्टनच्या गोऱ्या लोकांच्या लॉजमध्ये या मंडळींना प्रवेश नव्हता. तेव्हा त्या शहरात तळ देऊन राहिलेल्या ब्रिटिश पलटणीतील एका आयरिश लॉजकडून प्रिन्स हॉल व त्यांचे चौदा कृष्णवर्णीय सोबती यांनी दीक्षा घेतली. ६ मार्च १७७५ ही या दीक्षेची तारीख परंपरेने मानली जाते. पुढे १७७६ च्या मार्चमध्ये इंग्रज फौजा बोस्टन सोडून गेल्या. परंतु या पंधरा जणांना मर्यादित अधिकारांचा परवाना मिळालेला होता. त्याअन्वये त्यांना एकत्र जमता येई, संत योहानाच्या दिवशी मिरवणूक काढता येई आणि आपल्या मृत बंधूंची उत्तरक्रिया विधिपूर्वक करता येई. नवीन सभासदांस दीक्षा देण्याचा अधिकार मात्र नव्हता. मिरवणूक आणि उत्तरक्रिया! आपल्याकडील कित्येक संस्थांचे वार्षिक कार्यही वर्धापनदिन आणि दुखवट्याचे ठराव या दोहोंतच सामावलेले असते, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. प्रिन्स हॉल यांनी मात्र या दोहोंच्या मध्ये जे माणसाचे सबंध आयुष्य पसरलेले असते, त्याची काळजी वाहणे हे आपल्या लॉजचे काम मानले.

१७७७ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे आठ कृष्णवर्णीयांच्या सह्यांचा एक अर्ज गेला. त्यात प्रिन्स हॉल यांची सही होती. ज्या स्वातंत्र्यासाठी तुम्ही इंग्रजांशी लढत आहात, त्यावर आमच्या दास्यात खितपत पडलेल्या बांधवांचाही तितकाच हक्क आहे, असा त्या अर्जाचा आशय होता. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. प्रिन्स हॉल स्वतः मुक्त झालेले होते. ज्यांच्यासाठी त्यांनी लेखणी उचलली ते गुलाम त्यांच्या लॉजचे वर्गणीदार नव्हते आणि होऊही शकत नव्हते. विधिमंडळाने त्या अर्जावरून कायदा केला नाही. पुढे १७८३ पर्यंत न्यायालयांच्या निर्णयांमुळे त्या राज्यात गुलामगिरीचा पाया ढासळला.

युद्ध संपताच त्यांनी लंडनला पत्र लिहून रीतसर सनद मागितली. २९ सप्टेंबर १७८४ या तारखेची सनद तयारही झाली. परंतु ती बोस्टनला हाती पडावयास १७८७ चा एप्रिल उजाडला. आफ्रिकन लॉज, क्रमांक ४५९, असे तीत नाव होते. मास्टर प्रिन्स हॉल, वॉर्डन बोस्टन स्मिथ व थॉमस सँडरसन. सनदेची एवढी वाट पाहण्याचे कारण मानाची हाव हे नव्हे. ज्याला पदोपदी तू कोण म्हणून विचारले जाते, त्याला आपल्या अस्तित्वाचा लेखी पुरावा जवळ असावा असे वाटते, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार सुखवस्तू माणसास नाही.

सनद येण्याच्या सुमाराचा काळ त्यांच्या आयुष्यातील अत्यंत कसोटीचा होता. १७८६ च्या अखेरीस राज्याच्या पश्चिम भागातील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड पुकारले, त्या वेळी प्रिन्स हॉल यांनी गव्हर्नर बोडन यांस पत्र लिहून लॉजच्या वतीने राज्यरक्षणार्थ सेवा देऊ केली. ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १७८७ च्या जानेवारीत, ज्यांनी नुकतीच या राज्यासाठी लढण्याची तयारी दाखविली होती, त्यांनीच आम्हांस आफ्रिकेत जाऊन वसण्यास साहाय्य करा, असा अर्ज विधिमंडळाकडे धाडला. अपमानाने मन किती विटले असेल याची कल्पना यावरून करावी. त्याचाही उपयोग झाला नाही. तेव्हा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी तिसरा मार्ग धरला. आम्ही इतरांप्रमाणे कर भरतो, मग आमच्या मुलांना सरकारी शाळांचा लाभ का नसावा, असा सवाल त्यांनी अर्जाने केला. तोही फुकट गेला. एका वर्षात तीन नकार पचवून चौथ्या कामास लागणारा पदाधिकारी विरळाच.

ते चौथे काम लवकरच दारात येऊन उभे राहिले. १७८८ च्या फेब्रुवारीत बोस्टनमधील तीन मुक्त कृष्णवर्णीय पुरुषांना कामाच्या मिषाने एका जहाजावर नेण्यात आले आणि जहाजाने नांगर उचलून वेस्ट इंडीज बेटांचा रस्ता धरला. तेथे त्यांना गुलाम म्हणून विकावयाचे होते. तिघांपैकी एक आफ्रिकन लॉजचा सभासद होता. प्रिन्स हॉल यांनी स्वस्थ न बसता लॉजच्या सभासदांच्या सह्यांचा अर्ज विधिमंडळाकडे नेला, आणि त्यात एका बंधूपुरती दाद न मागता तिघांच्या सुटकेची व मुळात या मनुष्यव्यापाराच्याच बंदीची मागणी केली. शहरातील धर्मोपदेशक आणि क्वेकर पंथाचे लोक यांनीही आवाज उठविला. गव्हर्नर हॅन्कॉक यांनी त्या बेटांच्या अधिकाऱ्यांस पत्रे धाडली. २६ मार्च १७८८ रोजी मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या व्यापारास बंदी करणारा कायदा संमत केला. पळवून नेलेल्यांच्या कुटुंबीयांस दाद मागण्याची सोयही त्यात होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिघेही जण सुखरूप परत आले. आपण मेसन आहो, हे त्यांपैकी एकाने त्या बेटावरील एका व्यापारी मेसनास पटवून दिले व त्यामुळे सुटकेचा मार्ग सुकर झाला, अशी हकीकत सांगतात. त्या वर्षी आफ्रिकन लॉजने लांबलचक अहवाल लिहिला नसता तरी चालले असते. तीन घरांत तीन माणसे परत आली, हाच त्यांचा अहवाल होता.

फ्रीमेसन संघात २४ जूनच्या सुमारास येणारा संत योहानाचा दिवस हा वार्षिक मेळाव्याचा असे. अशा दोन मेळाव्यांत प्रिन्स हॉल यांनी मास्टर या नात्याने केलेली भाषणे छापून प्रसिद्ध झाली : पहिले १७९२ चे, चार्ल्सटाऊन येथील, दुसरे १७९७ चे, मेनोटोमी या गावचे. पहिल्यात त्यांनी सभासदांची कर्तव्ये सांगितली. ईश्वरावर श्रद्धा, कायद्याचा मान, आणि मित्र असो वा शत्रू, संकटात सापडलेल्यास मदत, ही ती कर्तव्ये होत. संत ऑगस्टीनसारखे प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य आफ्रिकेच्या भूमीत झाले, याची आठवण देऊन त्यांनी श्रोत्यांची मान ताठ केली. आणि लगोलग, करमणूक व अनावश्यक खर्च आटोक्यात ठेवून तो पैसा मुलांच्या शिक्षणास लावा, असे बजावले. दुसऱ्या भाषणात बोस्टनच्या रस्त्यांवर, विशेषतः सणाच्या दिवशी, कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांची जी विटंबना होई, तिचे स्पष्ट वर्णन होते. तरीही त्यांनी धीर सोडू नका असेच सांगितले आणि वेस्ट इंडीजमधील फ्रेंच बेटावर गुलामांनी उठाव करून आपले दैन्य कसे पालटले त्याकडे बोट दाखविले. बायबलातील मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने कारभार कसा वाटून द्यावा व कोणत्या कामास कशी माणसे निवडावी याचा धडा दिला, आणि हा इथ्रो आफ्रिकी वंशाचा होता, असेही त्यांनी सांगितले. पदाधिकारी निवडताना आपणही तो धडा गिरविण्यास हरकत नाही.

लंडनच्या मध्यवर्ती संस्थेच्या धर्मादाय निधीस या गरीब लॉजने काही वर्षे नियमित वर्गणी पाठविली. तिकडून उत्तरे येणे हळूहळू बंद झाले आणि १८१३ साली लंडनच्या यादीतून तिचे नाव गळले. परंतु वेल तोवर वाढली होती. १७९७ साली फिलाडेल्फिया येथील कृष्णवर्णीय मंडळींना गोऱ्या मेसनांनी दूर ठेवले, तेव्हा प्रिन्स हॉल यांनी त्यांना आपल्या छत्राखाली लॉज काढून दिला. अ‍ॅबसलम जोन्स हे तेथील पहिले मास्टर झाले. त्याच वर्षी प्रॉव्हिडन्स येथेही शाखा निघाली. शाळेचा प्रश्नही सरकारच्या नकाराने संपला नाही. १७९८ साली प्रायमस हॉल नावाच्या गृहस्थाच्या घरी कृष्णवर्णीय मुलांची शाळा सुरू झाली, आणि पुढे ती आफ्रिकन मीटिंग हाऊस या प्रार्थनामंदिरात गेली. सरकारी शाळांतील वर्णभेद मॅसॅच्युसेट्सने कायद्याने बंद केला तो १८५५ साली, म्हणजे अर्ज फेटाळला गेल्यापासून अडुसष्ट वर्षांनी. शाळेत उभे आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा आकडा फार बोलका वाटतो. पेरणाऱ्याने कापणीस हजर असलेच पाहिजे, असा शिक्षणाच्या शेतीचा नियम नाही.

४ डिसेंबर १८०७ रोजी प्रिन्स हॉल निवर्तले. बोस्टनच्या कॉप्स हिल दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांच्या पश्चात या परंपरेने त्यांचेच नाव धारण केले. आज अमेरिकेत व अन्यत्र तिच्या शेकडो शाखा आहेत. ज्या इंग्लंडच्या मध्यवर्ती संस्थेने यादीतून नाव वगळले होते, तिनेच १९९४ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल शाखेस पुन्हा मान्यता दिली.

हे चरित्र आपल्या भूमीस अगदीच परके नाही. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांस युरोपीय मंडळींच्या लॉजने नाकारले. त्यांनी पॅरिस येथे दीक्षा घेतली, आणि १८४३ साली हिंदी लोकांसाठी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हा लॉज मुंबईत निघाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ कृष्णवर्णीयांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला आणि त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. अमेरिकेतील ती मुक्ती ही आपल्याही घरची गोष्ट आहे, हे जोतीरावांनी ओळखले होते.

सर्वांस समान हक्क देणारी राज्यघटना असताना ज्ञातिसंस्थांचे प्रयोजन काय, असा प्रश्न तरुण मंडळी अलीकडे वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे व त्यावर रागावण्याचे कारण नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर प्रिन्स हॉल यांच्या आयुष्यात आहे. त्यांनी निराळा लॉज काढला तो इतरांनी दार लावून घेतले म्हणून. पण स्वतःचे दार त्यांनी कोणास लावले नाही. गुलामांसाठी अर्ज केला तो त्यांना सभासद नसताना, शाळा मागितली ती सर्वांच्या मुलांसाठी, आणि पळविलेल्या तिघांपैकी आपला एकच असताना सुटका मागितली ती तिघांची. जी संस्था आपल्या माणसांना जवळ करताना परक्याचे दुःख ओळखावयास शिकविते, तिला टिकण्याचा अधिकार आहे. जी केवळ आपपरभाव जोपासते, तिची शिल्लक कितीही मोठी असो, तिचा हिशेब तुटीचाच.

म्हणून येत्या वर्षी अधिकारपद स्वीकारणाऱ्या बंधुभगिनींस आमची एवढीच नम्र विनंती आहे की, पुढील अहवालात सभांच्या व वर्गणीच्या आकड्यांबरोबर आणखी दोन रकाने घालावे. कोणाच्या घरी आपण संकटात धावून गेलो, हा एक. आणि त्यांपैकी आपल्या ज्ञातीबाहेरचे किती, हा दुसरा. पहिल्या वर्षी हे रकाने रिकामे राहिले तरी लाजण्याचे कारण नाही. ते छापलेले असले म्हणजे भरावेसे वाटू लागतील. इत्यलम्.