अलेक्झांडर फोन हंबोल्ट : निसर्ग आणि समाज यांना जोडणारा भूगोल

जंगलतोड, पाणीटंचाई, हवामानातील बदल आणि सामाजिक विषमता हे जागतिक प्रश्न भूगोलात परस्परसंबंधाने अभ्यासले जातात. या अभ्यासदृष्टीचा पाया घालणाऱ्यांमध्ये जर्मन भूगोलवेत्ते अलेक्झांडर फोन हंबोल्ट यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

हंबोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका सधन कुटुंबात झाला. फ्रायबर्ग येथील खाणविद्यालयात शिक्षण घेऊन ते प्रशियाच्या खाण खात्यात अधिकारी झाले. भूगर्भाचा अभ्यास करताना खाणीत राबणाऱ्या माणसांकडेही त्यांचे लक्ष होते. खाणकामगारांसाठी त्यांनी स्वखर्चाने मोफत शाळा काढली आणि विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या साधनांवर प्रयोग केले. १७९६ मध्ये आईच्या निधनानंतर मिळालेली संपत्ती त्यांनी प्रवासासाठी वापरण्याचे ठरविले.

जून १७९९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ यांच्यासह ते स्पेनहून दक्षिण अमेरिकेकडे निघाले. कुमाना या बंदराच्या गावी त्यांच्या निवासस्थानासमोरच गुलामांचा बाजार भरत असे. गिऱ्हाईक माणसांचे दात तपासून त्यांची किंमत ठरवीत. हे दृश्य ते जन्मभर विसरले नाहीत.

१८०० मध्ये ते आजच्या व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराकाठी पोहोचले. सरोवराची पातळी घटत असल्याने तेथील रहिवासी चिंतेत होते. पाणी एखाद्या भुयारी मार्गाने वाहून जात असावे, असा अनेकांचा तर्क होता. हंबोल्ट यांनी मोजमापे घेतली आणि भोवतालच्या भूप्रदेशाचे निरीक्षण केले. डोंगरउतारांवरील जंगल शेतीसाठी तोडलेले होते आणि सरोवराला मिळणारे ओढे नीळ व इतर पिकांच्या सिंचनासाठी वळविलेले होते. वृक्षांच्या सावलीने जमिनीतील ओलावा टिकतो आणि मुळांमुळे माती धरून ठेवली जाते. हे आच्छादन नाहीसे झाले की पावसाचे पाणी न मुरता वेगाने वाहते, पूर येतात, माती वाहून जाते आणि पुढे झरे आटतात, असा कार्यकारणसंबंध त्यांनी मांडला. मानवी कृतीचे परिणाम पुढील पिढ्यांना भोगावे लागतात, हा विचार त्यात स्पष्ट होता.

जून १८०२ मध्ये त्यांनी अँडीज पर्वतातील चिंबोराझो या ज्वालामुखीवर चढाई केली. शिखर गाठता आले नाही. परंतु उंचीनुसार वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात, हे त्यांनी नोंदविले व पुढे एका प्रसिद्ध आलेखचित्रात दाखविले. १८१७ मध्ये त्यांनी समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या समताप रेषांचा नकाशा सादर केला. त्यामुळे दूरदूरच्या प्रदेशांच्या हवामानाची तुलना सुलभ झाली. हिमालयाच्या अभ्यासासाठी भारतात येण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. पण ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी न मिळाल्याने ती अपुरीच राहिली.

क्यूबावरील ग्रंथात त्यांनी जमीन, हवामान, ऊस व लोकसंख्या यांच्या माहितीबरोबरच गुलामगिरीचा कठोर निषेध केला. १८५६ मध्ये अमेरिकेत या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा भाषांतरकाराने गुलामगिरीवरील प्रकरणच वगळले. त्या वेळी हंबोल्ट ८६ वर्षांचे होते. त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर निषेध नोंदविला. आकडेवारी आणि तक्ते यांपेक्षा तो भाग त्यांना अधिक मोलाचा वाटत होता. प्रशियाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा गुलाम मुक्त मानावा, असा कायदा १८५७ मध्ये झाला; त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता.

‘कॉसमॉस’ हा त्यांचा बहुखंडी ग्रंथ १८४५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. प्रवास व प्रकाशनात संपत्ती खर्च झाल्याने उत्तरायुष्यात त्यांना राजदरबारच्या वेतनावर अवलंबून राहावे लागले. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

सारांश, हंबोल्ट यांच्या दृष्टीने आटणारे सरोवर आणि बाजारात विकला जाणारा माणूस हे दोन्ही भूगोलाचेच विषय होते. जमिनीचा वापर कोण, कशासाठी आणि कोणाच्या श्रमावर करतो, हे पाहिल्याशिवाय पर्यावरणाचा प्रश्न पूर्णपणे उमगत नाही, हे त्यांच्या जीवनकार्यातून दिसून येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील एखाद्या तलावाची किंवा ओढ्याची पातळी कोणत्या नैसर्गिक व सामाजिक कारणांनी बदलली, याचा शोध घ्या.