नन आहेत, कन्फेशन आहे, तरी कॅथलिक नाहीत! पंडिता रमाबाईंना पडलेला प्रश्न : खरा ख्रिस्ती धर्म कोणता?

नंदुरबार जिल्ह्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशा नावाचं गाव आहे. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. त्याच जिल्ह्यात नवापूरच्या बाजूला गेलं की आदिवासी गावांमध्ये साधी, बैठी चर्च दिसतात. आणि मुंबईजवळ वसईला गेलं तर चर्चचं रूपच वेगळं असतं. उंच वेदी, मरियामातेची मूर्ती, संतांच्या प्रतिमा, समोर जळणाऱ्या मेणबत्त्या.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे ख्रिश्चनच दिसतात. मग कॅथलिक, प्रोटेस्टंट, अँग्लिकन, पेंटेकोस्टल ही भानगड काय आहे?

सुमारे १४० वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका मराठी बाईला पडला होता. प्रकाशासारख्याच तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर पुराण सांगत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण त्यातलं कोणतं चर्च आपलं, या प्रश्नाने त्यांचा अनेक वर्षं पिच्छा पुरवला. त्यांचं नाव पंडिता रमाबाई.

खुर्च्यांची पूजा करणारे लोक

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. गाव गंगामूळ, आजच्या कर्नाटकातल्या पश्चिम घाटात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी समाजाचा रोषही पत्करला. पुढे कुटुंबाकडे घर राहिलं नाही. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचं, देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायची, असं त्यांचं आयुष्य होतं. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आई लक्ष्मीबाईंकडून. भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच या बहीण-भावाला ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. प्रार्थनेच्या वेळी सगळे लोक वळून खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसले. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. दोघांना वाटलं, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! तिथून निघताना रमाबाईंना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. वाचून त्यांना फारसं काही कळलं नाही.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जातीबाहेरचं लग्न म्हणून दोघांवर बहिष्कार पडला. आसामातल्या सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. तिथे एक बॅप्टिस्ट मिशनरी रमाबाईंना बायबल समजावून सांगायला येऊ लागले. मुलगी मनोरमा झाली, पण १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले. रमाबाई तेव्हा जेमतेम २३ वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू केला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्षही दिली. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होणं राहून गेलं.

नन होत्या, पण कॅथलिक नव्हत्या

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज या गावी एका मठात राहिल्या. तिथल्या नन सेवाकार्य करायच्या. समाजाने टाकलेल्या बायकांना लंडनमध्ये या सिस्टर ज्या मायेने सांभाळत होत्या, ते पाहून रमाबाई हलून गेल्या. अशा बायकांना प्रेमाने वागवणारा धर्म त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

नन म्हटलं की आपल्याला कॅथलिक चर्च आठवतं. पण वाँटेजच्या नन कॅथलिक नव्हत्या. त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या होत्या. हे कसं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पश्चिम युरोपात हजारभर वर्षं एकच मोठं चर्च होतं, रोमचे पोप ज्याचे प्रमुख होते ते. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च त्यापासून वेगळं झालं, त्यासाठी १०५४ हे साल सांगितलं जातं. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला आणि पश्चिमेतही फूट पडली. यातून निघालेले ते प्रोटेस्टंट. इंग्लंडचं कारण आणखी वेगळं होतं. राजा आठव्या हेन्रीला पहिलं लग्न रद्द करून हवं होतं, पोप परवानगी देत नव्हते. १५३४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजालाच तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवलं. योगायोग असा की त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि महाराष्ट्रात कॅथलिक धर्म रुजायला सुरुवात झाली. प्रोटेस्टंट अमेरिकन मिशनरी मुंबईत आले ते थेट १८१३ मध्ये.

एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन चर्चमधल्या एका गटाला वाटू लागलं की आपण जुन्या परंपरेपासून फार लांब आलो. त्यांनी मठ, कन्फेशन, वेदीवरचा थाट पुन्हा आणला. पोपचा अधिकार मात्र मानला नाही. यांना अँग्लो-कॅथलिक म्हणतात. वाँटेजच्या सिस्टर या गटातल्या होत्या. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या सिस्टरही याच मठाच्या. पुढे १८९० मध्ये टिळक आणि रानडे यांच्या चहावरून ज्या मिशनमुळे पुण्यात वादळ उठलं, तेच हे मिशन.

मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात नेमका फरक काय?

आधी साम्य बघू. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य, येशूचं क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान, बाप्तिस्मा. हे दोघेही मानतात. फरक पुढे सुरू होतात.

अधिकार कुणाचा : कॅथलिकांसाठी बायबलच्या जोडीला चर्चची परंपरा आणि पोप-बिशपांची अधिकृत शिकवण महत्त्वाची असते. प्रोटेस्टंटांसाठी अखेरचा शब्द बायबलचा.

संस्कार : कॅथलिक सात संस्कार मानतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त म्हणजे कन्फेशन, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. बहुतेक प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच मानतात.

भाकर आणि द्राक्षरस : मिस्सेमध्ये ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. अनेक प्रोटेस्टंटांसाठी ती ख्रिस्ताच्या मरणाची आठवण असते.

मरिया आणि संत : कॅथलिक त्यांना देव मानत नाहीत. आमच्यासाठी देवाकडे विनंती करा, असं ते त्यांना सांगतात. प्रोटेस्टंटांच्या मते माणूस आणि देव यांच्यामध्ये ख्रिस्ताशिवाय कुणाची गरज नाही.

धर्मगुरू : कॅथलिक फादर सहसा अविवाहित असतात आणि पुरुषच असतात. प्रोटेस्टंट पाळक लग्न करू शकतात, आणि काही पंथांत स्त्रियाही पाळक होतात.

बायबल : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६.

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. देवाचं म्हणणं काय आहे, हे ठरवायचं कुणी? रमाबाई अडल्या त्या नेमक्या इथेच.

क्रूसावर लॅटिन का?

मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि वादही कडाक्याचे व्हायचे. सिस्टरने दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं की लॅटिनच का? ब्राह्मणांना संस्कृत जशी पवित्र वाटते, तशीच तुम्हाला लॅटिन वाटते का? क्रूसावर काही लिहायचंच असेल तर ते संस्कृतात लिहा, कारण ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे, असं त्यांनी कळवलं.

वाद ताटापर्यंतही गेला. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. सिस्टरना यात जातीचा अभिमान दिसायचा. रमाबाईंचं म्हणणं होतं की ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज होण्याची गरज नाही.

मोठा वाद होता तो श्रद्धेचा. त्रैक्य आणि येशूचा कुमारी मातेच्या पोटी जन्म या गोष्टी त्या काळात त्यांना बायबलच्या आधारे पटत नव्हत्या. ही शंका तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही न चालणारी. मनोरमेला काय शिकवायचं, यावरूनही दोघींची जुंपली. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी मुलग्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांकडून विरोध आला. रमाबाईंनी स्पष्ट कळवलं की आपल्या देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, आता दुसरं तसंच जोखड मानेवर घेणार नाही. सिस्टरच्या बाजूनेही विचार करायला हवा. त्यांच्यासाठी चर्चची शिकवण हा शतकानुशतकं जपलेला ठेवा होता. कालच आलेल्या व्यक्तीने त्यातलं हवं ते घ्यावं आणि नको ते सोडावं, हे त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं.

हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

पंथांचा बाजार

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं तिथेच फिरत राहिल्या. तिथे बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक असे नाना पंथांचे लोक भेटले. प्रत्येकाचं चर्च वेगळं, प्रत्येकाचा बायबलचा अर्थ वेगळा. एका ख्रिस्ती देशात इतका गोंगाट पाहून आपण चक्रावून गेलो, असं त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवलं.

तरी त्यांना मदत मिळाली ती याच गर्दीतून. बॉस्टनमध्ये वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र येऊन रमाबाई असोसिएशन स्थापन केली. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. उच्चवर्णीय विधवांसाठीची ही शाळा पुढच्या वर्षी पुण्यात आली. इथे धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. पण रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे समर्थक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हिंदू पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

याच सुमारास रमाबाईंच्या मनात मोठा बदल झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, असं त्यांना जाणवलं. विधी, संस्था, मतं यांपेक्षा थेट विश्वास महत्त्वाचा, ही त्यांची भूमिका पक्की झाली. ही वाट प्रोटेस्टंट विचाराची होती, पण त्या कोणत्याही एका पंथाच्या छत्राखाली गेल्या नाहीत.

केडगावचं मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली, विधवा पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. कोणत्याही चर्चच्या मालकीचं नसलेलं हे ठिकाण होतं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. १९०५ मध्ये मुलींच्या प्रार्थनासभांमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९०६ मध्ये जे घडलं आणि ज्यातून पेंटेकोस्टल चळवळ जगभर पसरली, त्याच्या वर्षभर आधीची ही घटना. त्यामुळे त्या चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव आदराने घेतलं जातं.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एका कामाला वाहून टाकली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. आधीची भाषांतरं खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, असं त्यांचं मत होतं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. क्रूसावर लॅटिन नको म्हणणाऱ्या बाईने दिलेलं हे उत्तरच होतं.

इथे कॅथलिकांनाही न्याय द्यायला हवा. फादर थॉमस स्टीफन्स या कॅथलिक धर्मगुरूने ख्रिस्तपुराण हे मराठी ओवीबद्ध महाकाव्य १६१६ मध्येच छापलं होतं. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, ती मराठीत आली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

संत कोण?

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमध्ये क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. कॅथलिक भाविक आज त्यांच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना करतात. रमाबाईंसाठी अशी घोषणा कधी झाली नाही. पण ज्या चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांशी त्या भांडल्या, त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी आहे. त्या दिवशी रमाबाईंकडे काही मागितलं जात नाही. त्यांच्या आयुष्यासाठी देवाचे आभार मानले जातात.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला फरक समजून घ्यायचा असेल तर ही दोन स्मरणं शेजारी ठेवून बघावीत.