बाबासाहेबांचा मधुमेह आणि अधू होत गेलेली नजर

जानेवारी 1946. होटगी जंक्शनच्या अलीकडचं सोलापूर. तिथल्या नगरपालिकेनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिलं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. सार्वजनिक कामाच्या सुरुवातीला सोलापूरच्या डॉ. मुळ्यांनी दिलेल्या साथीची आठवण त्यांनी तिथं काढली.

पुढच्या दोन वर्षांत तब्येत ढासळली. घटनेच्या मसुद्याचं काम रात्रंदिवस चाललेलं. झोप लागेना, पाय असह्य दुखायचे, मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झालं. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार घेताना डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली आणि 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत लग्न झालं. त्याच पुढे माईसाहेब.

मधुमेह पायाच्या नसांना त्रास देतो, हे बहुतेकांना माहीत असतं. डोळ्यांचं तितकं माहीत नसतं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या केसापेक्षाही बारीक. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. भिंत कमकुवत होते, तिला बारीक फुगे येतात, त्यातून पाणी आणि चरबी झिरपते. हे पाणी पडद्याच्या मध्यभागी साचलं की अक्षरं धूसर दिसतात. काही वाहिन्या तर बंदच पडतात. मग रक्त न मिळालेला पडदा नव्या वाहिन्या उगवायला लावतो. ऐकायला बरं वाटतं, पण त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं.

आणि यातलं काहीच दुखत नाही. दिसायला कमी होईपर्यंत माणसाला पत्ता नसतो.

डोळ्याचा पडदा बघायचं यंत्र जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं 1851 मध्येच बनवलं होतं. म्हणजे डॉक्टरांना बिघाड दिसत होता, पण करता येण्यासारखं फारसं नव्हतं. 1922 पासून इन्सुलिन मिळू लागलं, मधुमेही जास्त जगू लागले आणि पडद्याचं दुखणंही जास्त दिसू लागलं. लेझरचा उपयोग होतो हे मोठ्या अभ्यासातून सिद्ध व्हायला 1976 उजाडलं. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं तर एकविसाव्या शतकातली.

बाबासाहेबांची सगळी लढाई वाचण्यावर आणि लिहिण्यावर उभी होती. दादरचं राजगृह बांधतानाही पुस्तकांसाठी जागा आधी धरलेली. 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1954 मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते आणि नजरही अधू होत चालली होती. अशा माणसाला पान वाचताना अडखळावं लागणं म्हणजे काय, याची कल्पना पुस्तकात बुडालेल्यांनाच येईल.

तरी काम थांबलं नाही. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ लिहिणं चालूच होतं, नानकचंद रत्तू टंकलेखन करून देत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरात काठमांडूची बौद्ध परिषदही त्यांनी गाठली.

5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले. झोपेतच त्यांचं निधन झालं, 6 डिसेंबरला सकाळी ते कळलं. ग्रंथ 1957 मध्ये छापून आला.