गोपाळ गणेश आगरकर आणि नीतीचा पाया

खामगावाहून जलंब, तेथून शेगाव आणि पुढे अकोला, हा आगगाडीचा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चांगला परिचयाचा आहे. याच अकोल्याच्या हायस्कुलातून १८७५ साली एक अत्यंत गरीब मुलगा मॅट्रिकची परीक्षा उतरला, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. पुढे सर्व महाराष्ट्रात विचारांची खळबळ उडविणारे गोपाळ गणेश आगरकर ते हेच. त्यांचे नाव पुण्याशी जोडले गेले आहे खरे. परंतु त्यांच्या घडणीत वऱ्हाडाचाही वाटा आहे, हे आम्ही थोड्याशा अभिमानानेच सांगतो.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळील टेंभू या गावी झाला. घरची स्थिती इतकी हलाखीची की, कराडास मामांच्या घरी राहून शिकावे लागले. मध्यंतरी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली. अखेर अकोल्यास त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू लाभले. महाजनींनी या मुलाचे तेज ओळखिले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात जाण्यास त्यास साहाय्य केले. तेथेही अंगात घालावयास सदरा एकच; रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी तोच चढवावा, असा क्रम असे. अशा विद्यार्थ्याने मोठ्या पगाराच्या नोकरीचे स्वप्न पाहिले असते तर त्यास कोण दोष देता? परंतु आपल्या आईस त्यांनी पत्र लिहून आधीच कळविले की, मुलगा श्रीमंत होईल ही आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ तो लोकांच्या हितास वाहणार आहे.

पुढील हकीकत शाळेच्या पुस्तकांत आहेच. टिळकांशी मैत्री, न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली निघालेल्या केसरीचे संपादकत्व, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज, ही सर्व नावे मुलांस पाठ असतात. आम्हांस येथे निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे.

डेक्कन कॉलेजात आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ मन लावून वाचिले. त्यांतून त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. मनुष्याने चांगले का वागावे? ईश्वर शिक्षा करील म्हणून, परलोकी फळ मिळेल म्हणून, की पूर्वज तसे वागत आले म्हणून? ईश्वर व परलोक यांविषयी आपणांस निश्चित ज्ञान होऊ शकत नाही, असे त्यांचे मत बनले होते. मग नीतीची इमारत कोसळते काय? आगरकरांचे उत्तर असे की, मुळीच नाही. मनुष्य समाजात जन्मतो आणि समाजात वाढतो. दुसऱ्याचे दुःख पाहून त्याच्या जिवाची कालवाकालव होते. कोणत्या वर्तनाने सर्वांस सुख होते आणि कोणत्याने क्लेश, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यास कळत जाते. ही सहानुभूती आणि हा अनुभव, यांवरच नीतीचा पाया आहे.

परंतु येथे एक मोठी अडचण उभी राहते, आणि आगरकरांचे मोठेपण आम्हांस तिच्यातच दिसते. मनातील भावनेवर भरवसा ठेवावा, तर ती भावना रूढीने घडविलेली असते. त्या काळी आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लाविताना बापाचे मन त्यास टोचत नसे. बालविधवेचे केशवपन करविताना घरातील प्रेमळ माणसांसही आपण धर्मच पाळीत आहो असे वाटे. ती माणसे दुष्ट नव्हती. सवयीने त्यांच्या अंतःकरणास घट्टे पडले होते. यास्तव भावनेस बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे, असा आगरकरांचा आग्रह होता. केसरीत हे मोकळेपणाने लिहिता येईना, तेव्हा १८८७ साली त्यांनी ते संपादकत्व सोडिले आणि १८८८ साली 'सुधारक' काढिला. जिवलग मित्राशी वितुष्ट आले. विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून काढिली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा त्यांनी कैवार घेतला, तेव्हा तर शिव्याशापांस सीमाच राहिली नाही.

आमच्या काही पालकांस वाटेल की, दररोज प्रार्थनेने सुरू होणाऱ्या शाळेच्या मासिकात अशा पुरुषाचे चरित्र कशास? शंका रास्त आहे. आगरकरांचा ईश्वरविषयक निर्णय आम्हांस मान्य नाही. ज्यास कोणी पाहात नाही आणि ज्याच्या मनात सहानुभूतीही नाही, त्यास वाईटापासून कोणी आवरावे, या प्रश्नास त्यांच्या विचारसरणीत पुरेसे उत्तर आहे असे आम्हांस वाटत नाही. तथापि आपल्याच कापसाच्या बाजारात पाहा. तपासणीचा मनुष्य काट्याजवळ उभा आहे तोवर वजन बरोबर करणारा अडत्या, आणि शेतकरी अडाणी असून कोणी पाहात नसताही बरोबर वजन करणारा अडत्या, यांत नीतिमान कोणता, हे लहान मूलही सांगेल. भयाने केलेले सत्कृत्य हा एक प्रकारचा व्यापारच होय. प्रीतीची पायरी भयाहून वर आहे, हे आम्हां ख्रिस्ती लोकांसही शिकविलेले आहे. फलाची आशा न धरिता कष्ट सोसणारा हा अज्ञेयवादी पाहिला म्हणजे आम्हां श्रद्धावंतांस आपले वजन पुन्हा एकदा करून पाहावे लागते.

घरी त्यांचे वर्तन कसे होते, हेही सांगितले पाहिजे. कारण सुधारकाची खरी परीक्षा तेथेच. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. लेखणीने रूढींवर प्रहार करणाऱ्या या पतीने त्यांच्या देवधर्मास आडकाठी केली नाही. दुसऱ्याच्या विवेकावर बळजोरी करावयाची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या उंबरठ्याच्या आतही पाळिला.

दम्याने शरीर कधीच पोखरले होते. १८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसन कॉलेजाचा भार आगरकरांवर आला. शिकविणे, लिहिणे आणि आजार ही तिन्ही एकदमच चालू होती. १७ जून १८९५ रोजी, वयास ३९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले. इतकी वर्षे दुरावलेल्या टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला, तो लिहिताना त्यांचे डोळे कोरडे राहिले नाहीत असे सांगतात. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून आगरकरांनी त्या खर्चापुरती थोडी रक्कम पुडीत बांधून वेगळी ठेविली होती.